चंद्रावतीची बाजू

हिरामण म्हात्रेची जीप पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती, ती तिच्या स्टेरिंगमुळे. ते डावीकडे होतं. गाडी लढाईच्या काळातली. मिलिटरीच्या लिलावातून ती कुणा पारशाकडे गेली, त्याच्याकडून पनवेलच्या एका लाकूडवाल्याकडे, आणि लाकूडवाल्याने नवा टेंपो घेतला तेव्हा हिरामणकडे आली. तोवर तिचं इंजिन बदललं होतं, हूड बदललं होतं, रंगाचा तर हिशोबच नव्हता. स्टेरिंगला मात्र कुणी हात लावला नव्हता. मागच्या फळीवर लाल रंगात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, म्हणजे मागून येणाऱ्याने समजून असावं.

हिरामणचं घर खाडीकडच्या खारेपाटात. बाप मिठागरात राबला, हिरामणही तरुणपणी तिथेच राबला. पुढे मिठागराचं काम कमी झालं आणि त्याने जीप धरली. त्याची बायको चंद्रावती गावातल्या चार बायकांना घेऊन पोह्याचे पापड लाटायची. ते पापड आणि पेणेतल्या गिरणीचे पोहे घेऊन दोघं नागोठणे, खांब, कोलाड करत रोह्याला जायची, दुकानांत माल टाकायची आणि येताना त्या बाजूचे वाल, तांदूळ भरून आणायची. संसार त्यावर नीट चालला होता. मुलगा प्रविण रोह्याजवळ धाटावला कंपनीत लागला होता, बायकोला घेऊन तिकडेच खोली करून राहत होता.

आता डाव्या स्टेरिंगची अडचण अशी, की आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. पुढचा ट्रक मागे टाकायचा तर त्याच्या उजवीकडून समोरचा रस्ता बघावा लागतो. डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला दिसते ती फक्त ट्रकची फळी आणि तिच्यावर रंगवलेलं कमळ. हिरामणने पहिले काही महिने मान लांब करून, जीप रस्त्याच्या मधोमध काढून बघायचा प्रयत्न केला. तेव्हा शेजारी बसलेली चंद्रावती एकदा घाबरून म्हणाली, “तुमी गप सरळ चालवा. मला दिसतंय ना सगळं. मी सांगते.”

तेव्हापासून ती सांगू लागली. उजवीकडच्या सीटवर पदर खोचून बसायची, डाव्या हाताने समोरची दांडी धरायची आणि नजर रस्त्यावर लावायची. हिरामण विचारायचा, “काय गो?” ती म्हणायची, “थांबा, यष्टी येतेय.” यष्टी जायची. ती म्हणायची, “जावा.” की हिरामण काही न बघता जीप बाहेर काढायचा. नवऱ्याने तिचा शब्द कधी पारखून घेतला नाही आणि तिनेही कधी घाईने शब्द दिला नाही. घरात पापडाच्या पिठावरून, प्रविणच्या लग्नावरून, कौलं शाकारण्यावरून त्यांचे खटके उडायचे. कधी कधी दोन दिवस बोलणं नसायचं. पण जीपमध्ये बसलं की “थांबा” आणि “जावा” सुरू व्हायचं, आणि वडखळ येईपर्यंत अबोला आपोआप मोडलेला असायचा.

चंद्रावतीला ती सीट आवडायची, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. घरी दिवसभर मान खाली घालून लाटायचं काम. इथे मान वर, समोर लांबवर रस्ता, आणि तिच्या शब्दाशिवाय गाडी पुढे जायची नाही.

त्या साली दिवाळी होऊन गेल्यावर जिते गावात तिच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. माहेरचं कार्य, म्हणून ती दोन दिवस आधीच गेली. पापडांचा माल तयार होता आणि रोह्याच्या दुकानदाराचे निरोपावर निरोप येत होते. हिरामणने आपला चुलतभाऊ गोविंदा याला सोबत घेतलं.

गोविंदा माणूस चांगला, पण तोंडाला विसावा नाही. मागे दोन ओळखीची माणसं कोलाडला जायला बसली होती, त्यांच्याकडे वळून तो त्याच्या म्हशीची गोष्ट सांगत होता. नागोठणं मागे पडलं. खांबच्या अलीकडे पुढे पेंढ्याने भरलेला ट्रक रस्ता अडवून हळूहळू चालला होता. हिरामणने विचारलं, “काय रे?”

“हां, हां,” गोविंदा म्हणाला. ते म्हशीच्या गोष्टीतलं ‘हां, हां’ होतं.

हिरामणला इतक्या वर्षांची सवय. शब्द आला की जायचं. त्याने जीप बाहेर काढली आणि समोर गोव्याकडून येणारी यष्टी. ट्रकच्या मागे परत शिरायला जागा राहिली नव्हती. त्याने स्टेरिंग उजवीकडे तोडलं. यष्टी मागच्या चाकाला वारा घालून निघून गेली आणि जीप रस्ता ओलांडून, बांध उडवून, वालाच्या शेतात जाऊन बसली. पापडांच्या करंड्या शेतभर पसरल्या. गोविंदाच्या कपाळाला टेंगूळ आलं, मागच्या एकाचं मनगट मुरगळलं. याहून जास्त कुणाला काही झालं नाही.

शेत होतं खांबच्या विठू शेडग्याचं. तो कुदळ टाकून धावत आला. आधी त्याने माणसं मोजली, मग जीपकडे बघितलं, मग वालाकडे. म्हणाला, “बसा सावलीत. पाणी प्या. गाडी काय पळून जात नाय.” त्याने बैल आणले, दोरखंड लावला आणि गावची चार माणसं हाताशी घेऊन जीप वर काढून दिली. हिरामण नुकसानीचं बोलायला लागला तर विठू म्हणाला, “ते बघू सावकाश. आधी घर गाठा.”

साखरपुडा आटोपून चंद्रावती परत आली तेव्हा जीप अंगणात होती. बंपर वाकलेला, हूड फाटलेलं. प्रविण रजा टाकून आला होता. ओटीवर तो, हिरामण आणि कपाळाला हळद लावलेला गोविंदा बसले होते, आणि वाद चांगलाच पेटला होता.

“मी पहिल्यापासून सांगतोय,” प्रविण म्हणत होता, “ही गाडी आपल्या रस्त्याची नाय. ही अमेरिकेची. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून स्टेरिंग डावीकडे. आमच्या कंपनीतला एक जण दुबईला होता. तो सांगतो, तिकडे पण तसंच. ज्या देशाचा जसा रस्ता, तशी गाडी. रोह्याला शिवा मेस्तरी हाय, तो स्टेरिंग उजवीकडे करून देतो. त्याने दोन जीपा केल्यात.”

“इतकी वर्षं चालवली,” हिरामण म्हणाला, “कुठे एक ओरखडा नाय. आणि डाव्या बाजूचं काय वाईट? कडेला सायकलवाला, पोर, गुरं, मला सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. उजवीकडे बसणाऱ्याला त्याच्या डाव्या चाकाखाली काय येतंय ते कळत पण नाय. माणूस घ्यायचं-सोडायचं तर मी त्याच्याशी बोलू शकतो. उतरताना मी रस्त्यात उतरत नाय, कडेला उतरतो.”

“आणि वलांडताना काय दिसतं तुमाला?”

“त्याला तुझी आई हाय ना.”

“आई नव्हती, तेव्हा काय झालं?”

गोविंदा खाकरून म्हणाला, “माझं ऐकाल तर सगळ्या देशाच्याच गाड्या उजव्या अंगाने चालवायला सांगावं सरकारने. एकदाच काय ती कटकट मिटेल.”

“काका, तुमी बोलू नका,” प्रविण म्हणाला. गोविंदाने कपाळाला हात लावला आणि तो खरंच काही बोलला नाही.

चंद्रावतीने पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायली आणि आत गेली. प्रविणने तिला हाक मारली. “आये, तू सांग. तूच बसतेस तिथे. तुझं काय म्हणणं?”

प्रविणचं म्हणणं बरोबर होतं, हे तिला समजत होतं. पण स्टेरिंग उजवीकडे गेलं की आपण डावीकडे जाणार, आणि डावीकडे बसून आपण काय करणार? गटारं मोजणार? हा विचार तिला स्वतःलाच बरा वाटला नाही. इकडे माणसं मरता मरता वाचली आणि आपल्याला सीटची पडली. ती म्हणाली, “मला आधी जाऊन ती जागा बघू दे. त्या शेतवाल्याला तोंड दाखवून येते. मग सांगते.”

दुसऱ्या दिवशी ती यष्टीने खांबला गेली, सोबत पापडांची मोठी पिशवी घेऊन. विठूचं घर विचारायची गरज पडली नाही. रस्त्याकडेला मोडलेला बांध दिसला, तिथेच उतरली. वालाच्या हिरव्यागार रानात जीपच्या चाकांचे दोन काळे पट्टे सरळ मध्यापर्यंत गेले होते. ती बांधावर उभी राहून ते बघत राहिली. पलीकडे रस्त्यावरून ट्रक जात होते, बस जात होत्या. आपला नवरा या गाड्यांच्या मधून, काही न दिसता, नुसत्या कुणाच्या तरी ‘हां’वर बाहेर पडला. आणि रोज आपल्या ‘जावा’वरही तो असाच पडत होता. इतकी वर्षं तिने याचा अभिमान बाळगला होता. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

विठूची बायको सरू तिला बांधावर बघून आली आणि हाताला धरून घरी घेऊन गेली. चहा केला. चंद्रावतीने पापड पुढे केले, माफी मागितली. विठू हसला. “वाल परत उभा राहील. अर्धा तर राहिलाच बघा. माणूस पडला असता तर कोण उभा करणार होता?”

सरूने पापड विस्तवावर भाजला, दोन तुकडे केले, एक तुकडा चंद्रावतीच्या हातात दिला. “तू रोज शेजारी बसतेस आणि त्यांना सांगतेस, असं ते म्हणत होते.”

“व्हय.”

“मग तू कधी आजारी पडलीस तर? सुनेचं बाळंतपण काढायला गेलीस तर? त्यांनी काय गाडीच बंद ठेवायची?” सरूने सहज विचारलं, त्यात टोचून बोलणं नव्हतं. “आमचे हे पण मला विचारल्याशिवाय बाजारात काय घेत नायत. मला बरं वाटतं. पण बाजार चुकला तर वांगी किडकी निघतात, एवढंच.”

चंद्रावती हसली. यष्टीत बसून घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. हिरामण जीपचा बंपर ठोकून सरळ करत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “स्टेरिंग फिरवून घ्या.”

“तू पण?”

“मी पण. मी बघून आले. माझ्या एका शब्दावर तुमचा जीव नको. माझे डोळे पण म्हातारे होणार हायत कधीतरी.”

हिरामणने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, “तुला तिकडे डावीकडे करमेल?”

हा प्रश्न त्याला पडला असेल असं तिला वाटलं नव्हतं. “बघू,” ती म्हणाली आणि आत गेली, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

शिवा मेस्तरीने जीप आठवडाभर ठेवून घेतली. एका भंगारातल्या जीपचा स्टेरिंगचा डबा त्याने आणला, पत्रे कापले, पेडल उजवीकडे घेतले, जुन्या भोकांवर झाकणं मारली. कागदोपत्री नोंद करून घेतली. मागच्या फळीवरची लाल अक्षरं खरवडून काढली. हिरामण स्वतः रोह्याला जाऊन जीप घेऊन आला, आणि त्या प्रवासाबद्दल त्याने घरी काहीच सांगितलं नाही. जे कळलं ते प्रविणकडून कळलं, तो नागोठण्यापर्यंत सोबत होता.

झालं होतं असं, की हिरामणचा जन्म डाव्या कडेला बसण्यात गेला होता. रस्त्याची कड आपल्या डाव्या कोपरापासून वीतभर ठेवायची, एवढं त्याचं शरीर शिकलं होतं. आता तो उजवीकडे बसून तेच करू लागला, आणि जीपची डावी चाकं रस्त्याखाली खडीत धावू लागली. भिसे खिंडीत त्याने एक मैलाचा दगड घासला. गिअर बदलायचा झाला की त्याचा उजवा हात सवयीने बाहेर जायचा आणि हवेत चाचपडायचा. समोरून येणाऱ्या एका रिक्षावाल्याला वाटलं हा आपल्याला थांबवतोय. तो थांबला, आणि काय पाहिजे म्हणून विचारू लागला.

जीप अंगणात उभी राहिली ती राहिलीच. हिरामण रोज सकाळी तिच्यावर फडकं मारायचा, चावी लावायचा, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि बंद करायचा. माल यष्टीच्या टपावरून जाऊ लागला. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, “ब्रेक बघायचे हायत.” शिवाने ब्रेक नवे टाकलेत, हे चंद्रावतीला माहीत होतं. पण बोलायला तोंड कुठे होतं? फिरवून घ्या असं तिनेच सांगितलं होतं.

एका सकाळी पापड वाळून तयार होते आणि पेणच्या स्टँडपर्यंत तरी ते न्यायला हवे होते. हिरामण म्हणाला, “चल, तेवढं सोडतो.” चंद्रावतीने करंड्या मागे लावल्या, दोर बांधला, पदर खोचला आणि आपल्या बाजूने चढून बसली. बसताच स्टेरिंग तिच्या छातीला लागलं.

ती तशीच बसून राहिली. हिरामणही दुसऱ्या बाजूने चढत होता. त्याचा एक पाय वर, एक खाली. तोही इतक्या वर्षांच्या सवयीने डावीकडूनच चढत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. समोर त्याच्यापुढे काहीच नव्हतं, नुसता पत्रा आणि त्यावर शिवाने मारलेलं झाकण. आणि स्टेरिंग तिच्यापुढे.

हिरामण हसायला लागला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता. चंद्रावतीलाही हसू आवरेना. शेजारची गिरजाबाई कुंपणावरून वाकून बघू लागली, की या दोघांना झालं तरी काय.

ती उतरायला लागली तेव्हा हिरामण म्हणाला, “थांब. बसलीच हायस तर क्लच दाब. डावा पाय.”

“काहीतरीच काय.”

“दाब तर खरं.”

तिने दाबला. जड होता, पण गेला. त्याने चावी फिरवून इंजिन चालू केलं आणि आपला उजवा हात गिअरवर ठेवला. तो हात आता बरोबर जागेवर पडला. “आता हळू सोड,” पहिला गिअर टाकून तो म्हणाला. जीप गचका खाऊन पुढे उडाली, बंद पडली आणि एक करंडी खाली आली. गिरजाबाई कुंपणामागे नाहीशी झाली.

त्या दिवशी पापड यष्टीनेच गेले. पण दुपारी हिरामण जीप खाडीकडच्या शेतांत घेऊन गेला. भात कापून झालं होतं, शेतं वाळून कडक झाली होती, आणि खाडीच्या बांधापर्यंत आपटायला एक झाडसुद्धा नव्हतं. तिथे तो तिला शिकवू लागला. खरं तर दोघं मिळून शिकत होते. ती चालवायची, मग तो चालवायचा. त्याला जुनं विसरायचं होतं, तिला विसरायचं काहीच नव्हतं. रस्ता तिने उजवीकडूनच बघितलेला. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, समोरचा ट्रक किती वेगाने येतोय, आपण निघालो तर पुरे पडू की नाही, हे सगळं तिच्या अंगात भिनलेलं होतं. हातापायांना वळण लागायचं तेवढं बाकी होतं. आणि ते लागायला फार दिवस लागले नाहीत.

गावात अर्थातच बोलणं झालं. कुणी हिरामणला पारावर विचारलं, “काय रे, आता बायको गाडी चालवणार आणि तू पापड लाटणार काय?” हिरामणला ते लागलं. त्या दुपारी त्याने तिला शेतावर नेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नेलं नाही. ती पापड लाटत राहिली. तिसऱ्या दिवशी ती पाट बाजूला सारून उठली आणि म्हणाली, “मी रस्ता बघत होते तेव्हा तुमाला लाज वाटत नव्हती. तेव्हा पण गाडी अर्धी मीच चालवत होते. लोकांना दिसत नव्हतं, एवढंच.”

हिरामणने यावर विचार केला. तो सावकाश विचार करणारा माणूस होता, पण एकदा पटलं की पटलं. “चल,” तो म्हणाला. “रिव्हर्स बाकी हाय तुझा.”

पेणेला आरटीओच्या परीक्षेला ती नवं लुगडं नेसून गेली. साहेब तरुण होता, शेजारी डावीकडे बसला. त्याने सांगितलं तसं तिने जीप मागे घेतली, वळवली, आणि मग त्याने ती रस्त्यावर काढायला लावली. पुढे एक टेंपो रखडत चालला होता.

“थांबा, मोटरसायकल येतेय,” चंद्रावती म्हणाली.

साहेब दचकला. “कोण थांबा?”

मोटरसायकल गेली. “जावा,” ती म्हणाली, आणि टेंपो मागे टाकून परत आपल्या बाजूला आली.

“बाई, तुम्ही कुणाशी बोलताय?”

तिला तेव्हा समजलं आपण मोठ्याने बोललो ते. तिने सांगितलं, की जीपचं स्टेरिंग आधी डावीकडे होतं, नवरा चालवायचा, आणि आपण सांगायचो. साहेबाने वळून मागे बघितलं. आरटीओच्या फाटकापाशी हिरामण दोन्ही हात कमरेवर ठेवून, टाचा उंच करून उभा होता. साहेब म्हणाला, “चालवताना स्वतःला ‘जावा’ म्हणायला हरकत नाही. नियमात बसतं.” आणि त्याने पास केलं.

रोह्याचा पहिला फेरा माघात झाला. जाताना हिरामणने चालवली. आता त्याला बऱ्यापैकी जमू लागलं होतं, फक्त डावी कड अजून अधूनमधून ओढायची. ती डावीकडून त्याला सांगत होती, “जरा आत घ्या, खडी लागतेय.” म्हणजे डावीकडेही काम होतंच. इथून शेतं जवळून दिसत होती, घरांच्या पडव्या दिसत होत्या, कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते दिसत होतं. तिला ते वाईट वाटलं नाही. खांबला त्यांनी जीप थांबवली. विठूच्या शेतातले दोन पट्टे आता नुसते विरळ दिसत होते. त्याने तिथे मुळा टाकला होता. सरूने जेवून जाण्याचा आग्रह केला, तेव्हा वालाचं बिरडं आणि भाकरी खाऊन ती दोघं पुढे निघाली.

परत येताना स्टेरिंगवर चंद्रावती बसली. धाटावच्या नाक्यावर प्रविणची शिफ्ट सुटली होती. कंपनीतल्या माणसांच्या घोळक्यातून त्याने आपली जीप ओळखली, हात वर केला, आणि स्टेरिंगमागे आईला बघून तो हात तसाच वर राहिला. त्याला तिने लायसन मिळाल्याचं सांगितलं नव्हतं. तिने जीप कडेला घेतली.

“आये,” तो म्हणाला, “आणि बाबा?”

“बाबा इकडे हायत,” पलीकडून हिरामण म्हणाला. “बस मागे. पेणेला येतोस तर ये. आणि हे बघ, मी अजून सांगतो, स्टेरिंग डावीकडेच बरं होतं. सायकलवाला दिसायचा.”

“बाबा, पुन्हा नको.”

“नको कसं? तुझ्या दुबईवाल्याला विचार. तिकडचे लोक काय वेडे हायत?”

प्रविण मागे चढला आणि त्यांचा वाद नव्याने सुरू झाला. चंद्रावतीने त्यात भाग घेतला नाही. प्रविणने अमेरिकेचं काढलं, हिरामणने बैलगाडीचं काढलं, की गाडीवान बसतो मधोमध आणि म्हणून त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात. नागोठण्याला प्रविणला त्याच्या खोलीशेजारचा एक जण मोटरसायकलवरून धाटावला परत निघालेला भेटला, तेव्हा तो हसत उतरला आणि आईला म्हणाला, “सावकाश जा.”

पुढे ऊन उतरलं. वालाच्या गोण्यांचा मातकट वास जीपमध्ये भरून राहिला होता. चंद्रावतीपुढे एक तेलाचा टँकर चालला होता. तिने उजवीकडे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला, आणि मग सवयीने नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं. शेजारी काही हालचाल नव्हती. हिरामण मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपला होता. लग्न झाल्यापासून चालत्या गाडीत झोपलेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता. त्याचा हात मांडीवर पालथा पडला होता, आणि खड्डा आला की तो थोडा हलायचा.

तिने टँकर मागे टाकला. वडखळच्या नाक्यावर पोऱ्या चिक्कीची पाकिटं घेऊन धावत आला, त्याला तिने बोटाने गप्प राहायची खूण केली आणि दोन पाकिटं घेतली. मग पहिला गिअर टाकून, गचका बसणार नाही अशा बेताने क्लच सोडत ती पेणच्या रस्त्याला लागली.